लूम बंद असतानाचे फोटो

'सून गुणी आहे हो आक्का, पण तोंड देवाने हिला नुसतं जेवायला दिलंय' — हे आमच्या सासूबाईंचं वाक्य तुम्हीही ऐकलंत ना, रमशा? नाही म्हणू नका, तुमचं बोट तारेवर तसंच थांबलं होतं, माझ्याकडे फोटो आहे. हा बघा, एकशे बारा नंबरचा. म्हणून तर म्हटलं, निवडायला घरीच या, असले फोटो मोबाइलवर पाठवायचे नसतात. जरा जवळ सरका, या भिंतीपलीकडे तुमच्या मुख्तारचाचांचे कापडाचे चोवीस लूम खडखडतायत, नाहीतर मला सगळं दोनदा सांगावं लागेल.

आता आईंचा त्यात काय दोष? — काहीच नाही, म्हणजे थोडा आहे, पण तो नंतर. तीस वर्षं त्या या भिंतीला पाठ लावून स्वयंपाक करतायत. या घरात हळू बोलणं म्हणजे काय, तर समोरच्याच्या कानाशी जाऊन ओरडणं. बाकीचं लूम झाकून टाकतात. शेजारणीबद्दल शेजारणीच्या दारात बोललं तरी चालतं, इतकी सोय आहे. आणि चाचांनी तुमच्या गिटारच्या कार्यक्रमासाठी शुक्रवार धरला तो मुळी लूम बंद असतात म्हणूनच — गाळ्यातले कापडाचे तागे हलवले, सतरंज्या घातल्या, तुम्ही म्हणालात माइक नको, नुसती लाकडी गिटार ऐकू दे. झालं. ऐंशी माणसं श्वास रोखून बसलेली, तुम्ही ते तारेवर बोट नुसतं टेकवून घंटेसारखं वाजवत होता, आणि आई आक्कांच्या कानाला लागल्या. आक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण, त्यांना आधीच एका कानाने कमी ऐकू येतं. आईंच्या हिशेबाने ते कुजबुजणंच होतं, अगदी तोंडावर पदर धरून. बघा की फोटोत, किती निष्पाप चेहरा आहे. आणि ही बाकीची अठ्ठ्याहत्तर तोंडं माझ्याकडे वळलेली. चांगला आलाय ना? मलाही तोच सगळ्यांत आवडतो. पण नका हं घेऊ.

तो उभा आहे तो? तुळशीराम, चाचांचा लूम-मिस्त्री. तो तुमच्या प्रत्येक फोटोत उभा आहे, मी तरी काय करू! तुम्ही दोन सुरांमध्ये थांबलात की तो उठायचा. सगळी हयात लूमवर गेलेली, आवाज थांबला म्हणजे धागा तुटला, धावायचं. शेवटी चाचांनी त्याचा शर्ट धरून ठेवला. तरी त्याचे आभार माना — माझा कॅमेरा जुना, बटण दाबलं की खटाक करतो. पहिला फोटो काढला तेव्हा पुढच्या रांगेतले एक काका असे वळले, जणू मी सुपारीच फोडली. मग मी ठरवलं, तुमचा जोरातला हात पडेल तेव्हाच दाबायचं, नाहीतर तुळशीराम उठताना गुडघे वाजतील तेव्हा. त्यामुळे तुमचे डोळे मिटलेले, मान कललेली असे जे फोटो असतात ना — ते नाहीत. हळू सूर होते तेव्हा मी नुसती बघत होते.

माझ्या नवऱ्याने? वरदनेही ऐकलं की. तो चप्पल नीट करायला वाकला. चपला सगळ्यांच्या दाराबाहेर होत्या. वाईट नाही हो तो, चार महिने झालेत लग्नाला, अजून वाईट म्हणायची वेळ आली नाही.

आणि गंमत सांगू का — मी बोलते. पहिल्या दिवसापासून बोलते. आईंनी विचारलं, भाजीत गूळ चालतो का, मी म्हटलं, नाही चालत. ऐकूच गेलं नाही. चार महिने मी गोड भाजी खातेय. आमच्या गणेशपुरीला कसं, संध्याकाळी शेतापलीकडून कुणी खाकरलं तरी कोण ते कळतं. तिथला आवाज इथे आणला, तो या भिंतीपाशी पोचेपर्यंत संपतो. दोन-तीनदा पुन्हा सांगून बघितलं, मग — मग सोडून दिलं. गप्प सून म्हणून नाव चांगलं होतं, त्याची थोडी सवयही लागली, खरं सांगायचं तर. कुणी काही विचारत नाही, आपण सगळं बघायचं. बरं असतं ते.

पण वाक्य तेवढ्यावर संपलं नव्हतं. पुढचं तुम्ही ऐकलंत का? 'कॅमेरा क्षितिजाला देऊन टाकते, कॉलेजच्या सहलीला हवाय तिला, ही काय परत मागायला तोंड उघडणारे!' क्षितिजा म्हणजे माझी नणंद. हा कॅमेरा मी माहेरून आणलाय. गावातल्या भजनी मंडळांचे फोटो काढून काढून घेतलेला, लग्नात आलेला नाही. ते ऐकलं आणि पुढचे अकरा फोटो हललेत. हे बघा, हे सगळे. कॅमेऱ्यामागे चेहरा असला की एक बरं असतं, माणसांना वाटतं काम चाललंय.

म्हणून तुम्ही मघाशी म्हणालात ना, रविवारी गणेशपुरीला कार्यक्रम आहे, फोटो काढायला याल का, आत्ताच सांगा, नाहीतर दुसऱ्या कुणाला विचारते — मी एकदम फोटो दाखवायला लागले ते त्यामुळे. यायचंय हो. मनात कधीची एसटीत जागा धरून बसलेय. पण सहलही रविवारीच आहे, आणि कॅमेरा एक. बघते, रात्री वरदला सांगेन, तो आईंना सांगेल, आई म्हणतील —

थांबा, आल्याच मायलेकी. बॅग घेऊनच आली आहे बघा क्षितिजा. बसा तुम्ही, उठू नका, चहा घ्या. हो क्षितिजा, इथेच आहे कॅमेरा. नाही, अगं... नाही देता यायचा मला.

बघितलंत? 'नाही' म्हटलं मी, तुमच्यासमोर म्हटलं. आणि आई तिला सांगतायत, 'घे गं, काही म्हणाली का ती?'

धरा हा लॅपटॉप जरा. मला उभं राहू दे.

"आई! कॅमेरा माझा आहे, तो मी देणार नाही. रविवारी मी गणेशपुरीला चाललेय, रमशाच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला. सकाळची एसटी आहे. दुपारच्या पोळ्यांत मला धरू नका!"