उसना पंखा

नाय मॅडम, रस्ता बरोबरच हाय. तुमच्या मोबाइलमधली ती बाई काय पण सांगते — तिला म्हणावं एकदा नाशकात येऊन गाडी चालवून दाखव. सिंहस्थ आलाय ना तोंडावर, सगळं शहर उकरून ठेवलंय, काल जिथं रस्ता होता तिथं आज खड्डा आणि खड्ड्यापुढं पाटी — गैरसोयीबद्दल क्षमस्व. काय म्हणता, अंबड मागं राहिलं? राहिलं की. मी कुठं नाय म्हणतो? पण अंबड काय पळून चाललंय का? कंपनी तिथंच हाय, आपणच जरा फिरून जायचं. एवढ्या लांबून आलात, त्र्यंबकराजाचं दर्शन न घेता परत गेलात तर लोक मला नावं ठेवतील, तुम्हाला नाय. आणि मी माझ्या मनानं नाय हो नेत. कुंदन सरांनी सांगितलंय — आमचे एचआर मॅनेजर, काल फोनवर तुमच्याशी गोड गोड बोलले ते — म्हणले, गोरक्ष, मॅडम पहिल्यांदा येतायत, आधी मिसळ, मग दर्शन, मग निवांत जेवण, मग कंपनी. मिसळ तर तुम्ही अर्धी टाकली. मी दोन वेळा रस्सा मागवला, जिलबी मागवली, पापड मागवला, आणि तुम्ही आपल्या घड्याळ बघताय. मिसळीपुढं बसून घड्याळ बघणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

रागावू नका, पण हे एथिकल ऑडिट म्हणजे काय नेमकं? नीतिमत्ता तपासायची, असंच ना? परदेशातला तो नळ विकत घेणारा गोरा म्हणतो, नळ चांगला हाय ते दिसतंय, पण नळ करणारा माणूस चांगला हाय का ते बघून या — आणि मग तुम्ही येता. भारी काम हाय. आमच्या घोटीला नीतिमत्ता तपासायला कोणी येत नाय, तिथं तांदळात खडे किती तेवढं बघतात. कंपनीत मात्र जोरात चाललंय. गेटमधून आत गेलं की हा एवढा मोठा फ्लेक्स — आमची मूल्ये. सचोटी, आदर, आणखी काय काय, खाली हात जोडलेले शेठ. आणि पारदर्शकतेची वेगळी पाटी हाय बरं का, ती बरोबर प्लेटिंगच्या शेडच्या खिडकीवर चिकटवलीय, काचेवर, म्हणजे आतलं काय दिसायला नको. मी कुंदन सरांना म्हणलं पण, सर, ही पाटी जरा बाजूला लावली असती तर — सर म्हणले, गोरक्ष, तू गाडी चालव. मग चालवतो.

आता हे सातपूर गेलं की रस्ता मोकळा. अंजनेरीपाशी चहा घेऊ. नको? बरं. मागच्या वर्षीचे साहेब बघा, त्यांना सांगावं नाय लागलं, तेच म्हणले, ड्रायव्हर, आधी दर्शन. अभिषेक केला, पेढे घेतले, जेवले, गाडीत झोपले. कंपनीत पोचलो तोवर त्यांना सही करायला पेन धरवत नव्हता. आत एक चक्कर, सगळीकडं मान हलवली, मनुक्याचा डबा, चिवड्याचं पाकीट, आणि संध्याकाळच्या गाडीला बसवून दिलं. शंभर नंबरी माणूस. तुम्हाला पण मी दोनपर्यंत बरोबर — दोन म्हणजे असंच हो, अंदाजे. दोनच का? आता दोनच का म्हणजे... जेवण होईस्तोवर तेवढं वाजतंच.

तुम्ही लय बारीक ऐकता राव. बरं, सांगतो, त्यात लपवायचं काय, तुमच्या धंद्यात तुम्हाला माहीतच असणार. आज शेजारच्या कंपनीत पण ऑडिट हाय. त्यांचे साहेब सकाळीच येऊन बसले, दुपारपर्यंत उठायचे नाय. आणि सामान त्यांच्याकडं हाय. सामान म्हणजे — अहो, मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणल्यावर शेजारच्या घरातून कपबशा आणत नाय का आपण? खुर्च्या आणतो, चादर आणतो, पाहुणे गेले की परत. तसंच हे. आमच्या लाइनीतल्या पाच-सहा कंपन्यांत मिळून एक सेट हाय. पिवळ्या टोप्या, चांगले मास्क, आगीची नळकांडी, औषधाची पेटी — त्या पेटीतली पट्टी आजवर कोणाच्या बोटाला लागली नाय, सील पण फुटलं नाय, पण पेटी सगळ्या लाइनीत फिरून आलीय. आणि एक पंखा. घरातला पंखा नव्हे, वाफ ओढायचा, लोखंडी, त्याला हा एवढा सोंडेसारखा पाइप. ज्याच्याकडं ऑडिट त्याच्याकडं पंखा. शेजारचे पाहुणे उठले की आमचा टेम्पोवाला गोटीराम गाडी लावणार, मागच्या गेटनं सामान आमच्याकडं, तासाभरात पाइप जोडून तयार. म्हणून दोन. आता कळलं? हसताय का नाय काय समजत नाय आरशातून.

बाकीच्या दिवशी? बाकीच्या दिवशी काय, दार उघडं ठेवतात. वारं येतं की. प्लेटिंग म्हणजे कसं, पितळी नळ घासून पुसून येतो आणि त्या क्रोमच्या टाकीत बुडवतात, वर काढला की आरसा. तुम्ही हॉटेलात सकाळी तोंड धुतलं ना, तसाच नळ. टाकीतून वाफ येते जराशी, पिवळट, घशाला झोंबते, पण सवय होते. बायका फडकं बांधतात. मला कसं माहीत म्हणजे? माझी बायकोच तिथं हाय ना. सुवर्णा. कुंदन सरांच्या हातापाया पडून मीच लावली तिला, दोन वर्षं होतील आता. टाकीवर नळ सोडायचे आणि काढायचे, बसून काम. लय हुशार हाय बरं. तुम्ही आज बायकांना प्रश्न विचारणार ना, तर गेला आठवडाभर तिची तयारी चाललीय. कुंदन सरांनी सगळ्यांकडून पाठ करून घेतलंय. ती भाकरी थापते आणि मी पाहुणा होऊन विचारतो — मास्क मिळतो का? मिळतो. पंखा असतो का? रोज असतो. साहेब कसे वागतात? घरच्यासारखे. तिथं मी म्हणलं, कोणाच्या घरच्यासारखे ते पण सांग, तर हातातली भाकरी मला फेकून मारणार होती. पोरं हसून लोळली. तुमच्या ऑडिटमुळं आमच्या घरात एवढी करमणूक.

आज गेलीय का म्हणजे? गेलीय की, कालच्याला नाक वाहत होतं तरी गेली. नाय हो, सर्दी नाय. रक्त येतं. उष्णता हाय तिला. आधी कधी नव्हतं, या उन्हाळ्यापासून सुरू झालं, मग पाऊस पडला तरी थांबेना. मी आपला कांदा फोडून हुंगायला देतो, गुलकंद आणलाय, डोक्यावर पाणी. चमकी काढून ठेवलीय तिनं, नाकाला हात लावू देत नाय, इतकं हुळहुळतं. लग्नातली चमकी, एवढी वर्षं कधी काढली नव्हती. शेवटी नाकाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं बॅटरी लावून आत बघितलं आणि म्हणला, मधल्या पडद्याला भोक पडलंय. मी म्हणलं, डॉक्टर, चमकीचं असेल ते. आपली सवय हो, गंमत करायची. तो हसला नाय. म्हणला, बाई कामाला कुठं जाता? तर ही पटकन म्हणली, कुठं नाय, घरीच असते. बाहेर आल्यावर म्हणलं, अगं खोटं का बोललीस? तर म्हणली, कंपनीचं कोणी विचारलं की कुंदन सरांनी सांगितल्याशिवाय काय बोलायचं नाय, असं शिकवलंय ना. तपकिरी मलम दिलं त्यानं, आणि म्हणला, घरात धूर होतो का बघा. आमच्याकडं गॅस हाय. धूर कुठला...

काय झालं मॅडम? असं काय बघताय?

परत सांगा. नाय, थांबा, गाडी बाजूला घेतो, ट्रकवाला मागं हॉर्न मारतोय. हां. आता सांगा. क्रोमच्या वाफेनं? नाकालाच? म्हणजे उष्णता नाय... आणि हे तुम्ही आणखी कुठं बघितलंय? दुसऱ्या बायकांना पण? मग ते भरून येतं का परत? — नाय येत. बरं. आणि पुढं? पुढं काय होतं, ते सांगा ना. छातीत? नाय, सांगा तुम्ही, मी ऐकतोय. मी ऐकतोय, तुम्ही बोला.

पाणी नको मला.

तो पंखा मी उचललाय ताई. गोटीराम एकटा पडतो म्हणून दर वेळी मी हात लावतो. परवा आमच्याकडं होता, शेठ नवीन गिऱ्हाइकाला कंपनी दाखवत होते म्हणून आणलेला, दिवसभर चालला तिच्या टाकीवर. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणली, आज घसा खवखवला नाय. मी म्हणलं, बघ, नशीब. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तो काढला, तिच्या डोक्यावरून, ती शेजारी नळ पुसत उभी होती, मी टेम्पोत चढवला आणि शेजारच्यांना देऊन आलो. वर चहा घेतला त्यांच्याकडं. मला लाज वाटते हो सांगायला. आख्ख्या लाइनीत मी हुशार ड्रायव्हर, ऑडिटवाल्याला कसं घोळवायचं ते गोरक्षला विचारा. मी कोणाला घोळवत होतो मग?

त्या गोऱ्याचा करार जाईल, माहीत हाय. माझी गाडी कंपनीतच लागलीय. सुवर्णाचं काम पण जाईल, ती मला घरात घेणार नाय. दोन्हीकडून मार. पण तुम्ही त्या टाकीपाशी दोननंतर गेलात तर तुम्हाला काय दिसणार? पंखा दिसणार, मास्क दिसणार, घरच्यासारखे साहेब दिसणार. तुम्ही चांगल्या असाल, मी नाय म्हणत नाय, पण तुम्ही तर दिसेल तेच लिहिणार ना?

बेल्ट लावा. वळवतो.

थांबा, कुंदन सरांचा फोन हाय. हां, सर. हां हां, बोला ना. नाय सर, मॅडम खूश हायत. अंजनेरी गेली मागं, आता पोचतोच त्र्यंबकला. गर्दी लय हाय म्हणतात सर, आज सोमवार ना, बाहेरपर्यंत रांग लागलीय. जेवण पण तिकडंच करतो. नाय नाय, घाई कशाला, तीन वाजले तरी चालतंय ना? मॅडम? मॅडमना झोप लागलीय सर, मागं. हां. ठेवतो.

पंधरा वर्षं गाडी चालवतोय, एवढं सफाईनं कधी खोटं बोललो नव्हतो. हसा की जरा. नाय? बरं.

हे बघा, पुढच्या गेटला नेत नाय, तिथला वॉचमन लगेच फोन करतो. मागचं गेट सामानासाठी उघडंच ठेवलेलं असेल. आत शिरलं की डाव्या हाताला पत्र्याचं शेड, पाटीवाली खिडकी, दार उघडं असेल. वास येईल, थांबू नका, थेट आत जा. फोटो काढायचे तर आधी काढा, मग ओळख सांगा. चार बायका असतील टाकीवर, हिरवी ओढणी डोक्याला गुंडाळलेली ती सुवर्णा. माझं नाव घेऊ नका — नाय, घ्या, तिला कळणारच हाय. आणि तिला तुमच्या त्या कागदावरचे प्रश्न विचारू नका ताई. ती सगळ्यांची बरोबर उत्तरं देईल. तिला फडकं काढायला सांगा आणि नाक बघा.

आलं गेट. उतरा. मी येत नाय आत. उतरा ना आता, कुणीतरी बघेल.