सातव्या महिन्यातला खड्डा

...नाही, तुम्हीच सांगा, अठ्ठावीस वर्षं मी इमारती उभ्या केल्या, आमच्या ताइनान शहरात कुठल्याही चौकात उभे राहा आणि मान वर करा, एक तरी माझी दिसेल, सरळ दिसेल, भूकंपानंतरसुद्धा सरळ! आणि मला, या शिए वान-फाला, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, शनिवारी सकाळी बाकावर गुडघे दुमडून बसवलं, आणि म्हणे वेळापत्रक शिका!

कोण म्हणे? आमच्या मालकीणबाई, के मॅडम. "फा, नव्या सरकारी कामाला वेळापत्रकाचा दाखला असलेला माणूस लागतो. मेमध्ये परीक्षा आहे, पास हो. नाही झालास तर तुझ्या खुर्चीत दाखलेवाला बसवीन, मग मला बोल लावू नकोस." बोल लावू नकोस! ही बाई स्वतः टेंडर भरायच्या आधी देवळात जाऊन कौल लावते, आणि देवाने नाही म्हटलं की भरलेला लिफाफा पर्समध्ये घालून परत येते... आणि मला म्हणे वेळापत्रक शिका!

शिकवायला कोण, तर फांग सर. वय तीस. बूट असे चकाचक, की आयुष्यात चिखलात पाय घातला नसेल. हातात लाल दिव्याची कांडी. "काका, प्रत्येक काम म्हणजे एक बाण. एका बाणाचं टोक जिथे संपतं तिथून दुसरा निघतो. ज्या बाणाला एक दिवस उशीर झाला की अख्ख्या इमारतीला उशीर होतो, त्याच्यावर लाल रेघ. बाकीच्यांना थोडी सवड असते. कळलं?" कळलं! अरे, सिमेंटची गाडी पुलावर अडकली की माझी जी धावाधाव सुरू होते ना, तीच ती लाल रेघ! ती मला कागदावर कशाला काढून दाखवतोस?

पण खुर्ची जायची भीती होती हो. खोटं कशाला बोलू. म्हणून तोंडातली सुपारी थुंकून पाठ करायला बसलो. बायको भांडी घासता घासता प्रश्न विचारायची. "सवड म्हणजे काय?" मी म्हणायचो, "जी मला लग्नापासून मिळालेली नाही." "चूक. पुन्हा वाच." चार महिने! सूप निवायचं, ही विचारत राहायची, मी बाण काढत राहायचो. शेवटी शेवटी मला जमायला लागलं, हे पण सांगतो, अगदी सटासट जमायला लागलं.

आणि आली परीक्षा. एकेचाळिसावा प्रश्न. ऐका बरं का, नीट ऐका. 'पायाचा खड्डा खणण्यास वीस ऑगस्टला सुरुवात. खोदाई बारा दिवस, पाया अठरा दिवस. काम कधी संपेल?' मी वाचलं. परत वाचलं. वीस ऑगस्ट... म्हणजे आमच्या पंचांगाचा ऐन सातवा महिना, भुतांचा! पाताळाचे दरवाजे उघडे, मेलेली माणसं महिनाभर वर हिंडतायत, आणि हा पेपर काढणारा गाढव त्यांच्या डोक्यावर फावडं मारतोय! अहो, त्या महिन्यात माणूस नवा फ्रीज आणत नाही घरात, आणि इमारतीचा पाया?

मी आपलं शहाण्या माणसासारखं केलं. महिना संपू दिला. अकरा सप्टेंबरला खड्डा धरला, तीस दिवस मोजले, आला दहा ऑक्टोबर, त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी, म्हणून अकरा. एकदम चोख! आणि खाली चार पर्याय बघतो तर अकरा ऑक्टोबर नाहीच!

हात वर केला. देखरेख करणारी बाई आली. "काय झालं, काका?" "चारही चूक आहेत." "हळू बोला. चारांतला एक निवडा." "मॅडम, तुमच्या घराचा पाया तुम्ही सातव्या महिन्यात खणाल का?" तिचा चेहरा पांढरा झाला, शपथेवर सांगतो, गळ्यातला ताईत चाचपला तिने! आणि तरी म्हणते कशी, "ते घराचं झालं. हा पेपर आहे." मग मी पाचवा पर्याय स्वतःच्या हाताने लिहिला, त्याच्यावर बरोबरची खूण केली आणि उठलो.

पास व्हायला साठ. मला अठ्ठावन्न. आणि तो प्रश्न किती गुणांचा? दोन! अर्ज केला, सोबत पंचांगाचं पान जोडलं. उत्तर आलं एका ओळीचं: 'प्रश्नात सातव्या महिन्याचा उल्लेख नाही.' अहो, कशाला असेल? दिवसा सूर्य असतो याचा तरी उल्लेख होता का? आणि मला म्हणे वेळापत्रक शिका!

मॅडमनी शब्द पाळला. सोमवारी साइटवर गेलो तर माझ्या खुर्चीत कोण? फांग सर! तेच बूट. वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं, ती खुर्ची काही सोन्याची नव्हती, एक पाय तारेने बांधलेला होता, पण तो मी बांधला होता. म्हटलं ठीक आहे, आता बघू गंमत, खणू दे ऑगस्टमध्ये, एक मजूर फिरकायचा नाही. सरांनी भिंतीवर हे एवढं वेळापत्रक लावलं. मी चष्मा चढवला, ऑगस्ट शोधला... आणि तेरा ऑगस्टपासून पुढे कोरं! महिनाभर एक बाण नाही! खोदाई कधी? अकरा सप्टेंबर! पाया पूर्ण? अकरा ऑक्टोबर!

"सर," मी म्हटलं, "हे तर माझं उत्तर! यालाच तर मी नापास झालो!"

सरांनी दार लावून घेतलं. "काका, हळू बोला. परीक्षेत काय वाटेल ते खणतो आपण. इथे प्रत्यक्ष खणायचंय. माझी आई मला घराबाहेर तरी पडू देईल का त्या महिन्यात?"

मी परत भिंतीकडे वळलो, चष्मा पुसून पुन्हा वाचायला लागलो. मग दिसलं, कोरं नव्हतं ते अगदी. खाली बारीक अक्षरात एक बाण होता, महिनाभर लांब, आणि त्याच्यावर लाल रेघ: 'वर आलेल्यांसाठी टेबल मांडणे, नूडल्स, अननस, बिअर ठेवणे, पिंपात त्यांच्या नावाने खोट्या कागदी नोटा जाळणे. जबाबदार: शिए वान-फा. सवड: शून्य.'

दाखला लागत नाही म्हणे त्याला.