एकवीस फेऱ्यांचं तेल

— तारीख दोन सप्टेंबर एकोणीसशे एकोणसाठ, पाऊस सकाळपासून उघडलेला, वारा पश्चिमेचा — हे वहीत आधी लिहायचं, मिस्त्री, मग इंजिन पेटवायचं. तुमच्या आगबोटीच्या तेलाचा डबा राहू दे, उघडू नका. चांगलंच असणार. पण त्यात चरबी आहे ना? आहेच. ओल्या वाफेत चरबीचंच तेल सिलिंडरला धरून राहतं, मला ठाऊक आहे. पण हे हातभर इंजिन चवथीला गणपतीभोवती फिरायचंय. चरबी चालेल? नाही चालणार. खोबरेल घालून पाहिलं — पितळेत कळकलं, हिरवं पडलं. शिवणयंत्राचं तेल चाकांना बरं, सिलिंडरातून वाफ धुऊन नेते — चार फेऱ्या. होडीला फासतात ते मासळीचं — नऊ फेऱ्या झाल्या, पण आरतीची माणसं वासानं उठून बाहेर खळ्यात गेली. आता भातगिरणीच्या इंजिनाच्या जाड तेलात कोकमतेल विरघळवलंय. हो, पायाच्या भेगांना लावतात तेच. हसा.

फेऱ्या एकवीसच का? बायकोनं, यशोदेनं सांगितल्या म्हणून. बॉयलर तिच्या माहेरच्या कळशीचा आहे — तांबं चांगलं होतं, ती माहेरी गेली होती, मी कापली. विचारायला हवं होतं, तेही वहीत लिहिलंय. परत येऊन बघितलं आणि म्हणाली, 'गणपतीभोवती एकवीस फेरे मारून दाखवा, मगेच तुमच्याशी बोलतलंय.' चार वर्षं झाली. पान वाढलं की मांजराला सांगते, मी ऐकून उठतो. मांजराशी चांगली बोलते हो — तासतास. कालवण कसं झालंय तेही त्यालाच विचारते. आणि मला ते — जाऊ दे, तेलाचं बोलत होतो.

वाफ धरली. मधे पाट ठेवलाय, गणपती आहे असं समजा. सुटलं. एक. बोलू नका, मोजणी चुकते — सात — धुराड्यातून तेलाचे थेंब उडतायत, म्हणजे आत पोचतंय — दहा, मासळी मागं पडली — चौदा — जरा जड चाललंय, कोकम घट्ट होतंय की काय — थांबलं. किती झाल्या? सोळा? मी मधेच बोललो. तुम्ही मोजल्यात? नाही? मग वहीत काय लिहू?

काय? सतरा?

तुमचे तर ओठ हलले नाहीत. आवाज स्वयंपाकघरातून आला. आणि मांजर इथं, माझ्या पायाशी आहे.

मिस्त्री, तुम्ही निघा आता. डबा घेऊन जा.

सतरा फेऱ्या.