चुकून आणलेली बॅग

विमानतळावर पट्ट्यावरची बॅग उचलताना मी आता आधी तिच्यावरचं नाव वाचतो. हसा खुशाल, पण ऐका.

हैदराबादहून आलो होतो. पट्टा सुरू झाला तसा मी चार माणसांना कोपरानं सारत पुढं घुसलो, काळी बॅग ओढली अन् थेट गारखेड्याला घरी आलो. बॅग सोफ्याजवळ ठेवली, जरा आडवा झालो अन् डोळाच लागला. फोननं जाग आली.

"साहेब, खुलताबादचा बोलतोय. आमचे वडील तुमच्याकडं आलेत."

"इथं कुणी नाय आलं."

"आलेत साहेब. काळ्या बॅगेत आहेत. तुमची बॅग पट्ट्यावरच राहिली, तिच्यावर तुमचा नंबर सापडला."

मी चेन उघडली. धोतराच्या घडीत तांब्याचा कलश होता, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. मी चेन हळूच लावली अन् त्याला घरचा पत्ता सांगितला.

तासाभरात तो माणूस माझी बॅग घेऊन दारात आला. अस्थिविसर्जनासाठी त्याची सगळी भावकी पैठणला खोळंबली होती. मी हात जोडून माफी मागितली. त्यानं चपला काढल्या, कलश छातीशी धरला अन् वडलांना हळूच म्हणाला, "चला दादा."

मग मला विचारलं, "काही त्रास दिला का त्यांनी?"

"छे हो," मी म्हणालो.

मागून माझी बायको दबक्या आवाजात म्हणाली, "त्रास नाय दिला. दोनदा पाणी मागितलं. मला वाटलं, हेच मागतायत. घेऊन आले, तर हे घोरत पडलेले."