जाळीमागचा माणूस

नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिच्यावर त्याचे इस्त्रीचे कपडे आहेत, इकडे या, खिडकीशी बसा—हां. वारा लागतो तिथं. तो अंघोळीला गेलाय. वेळ लागणार. विमानात बसायचं म्हणून अंगाची सालं निघेपर्यंत घासत असेल. मला बजावून गेलाय, बाबा, पाहुण्यांना चहा द्या आणि गप्प बसा. चहा दिला. आता गप्प बसायचं राहिलं, तेही बसू, घाई काय आहे? साखर कमी वाटतेय का? मग तोंड का असं केलंत? बरं, गरम आहे. फुंकून प्या.

तर तुम्ही क्लबचे. नाही? दुभाषी? म्हणजे क्लबचेच की. पगार कोण देतं तुम्हाला? —मग झालं तर. ते त्यांच्या भाषेत बोलणार, तुम्ही आपल्या भाषेत सांगणार, हा आपल्या भाषेत बोलणार, तुम्ही तिकडे पोचवणार. आणि याचे पैसे देतात. चांगलं आहे. रागावू नका, मी असाच बोलतो. चौथीत शाळा सोडली, मास्तरांनी पाठ थोपटली. उभ्या जन्मात त्यांनी माझी पाठ थोपटली ती तेवढीच. तुम्ही लहानपणीच तिकडे गेलात म्हणे, आईबरोबर. तरी बोलता बरं. जरा पुस्तकातल्यासारखं बोलता, पण कळतं.

खाली बघा, खिडकीतून—ते बसचं आगार. तिथं नोकरी केली मी. ड्रायव्हर नाही हो, ड्रायव्हर व्हायला लिहितावाचता येणारा लागतो. मी मागे उभा राहणारा. बस मागे घ्यायची असली की मागे एक माणूस लागतो. ड्रायव्हरला मागचं काय दिसतं? डोंबल दिसतं. तो आरशात बघतो आणि आरशात त्याला स्वतःचंच थोबाड दिसतं. मग मागून मी—येऊ दे, येऊ दे, डावी मार, आणखी डावी, सरळ कर, येऊ दे, बस्स! एवढंच काम. हसू नका, त्या बस्सवर भिंत उभी आहे अजून. आणि त्यात एक गंमत आहे, समोर उभं राहून सांगणारा नेहमी घोटाळा करतो, कारण त्याची डावी म्हणजे ड्रायव्हरची उजवी. मागून सांगणाऱ्याचं तसं नाही. ड्रायव्हरची डावी तीच माझी डावी. डोकं चालवावं लागत नाही, नुसता गळा चालवायचा.

आणि त्या वर्कशॉपच्या पलीकडे मैदान, दिसलं? गवत नाही, ते हिरवं दिसतंय ते ताडपत्रीचं आहे. गोलचे खांब म्हणजे मोडीतल्या बसच्या नळ्या. आमचा पोरगा आगाराच्या टीमचा गोलकीपर. दिवसा टायर बदलतो, रविवारी गोलात उभा राहतो. आता तुम्ही म्हणाल, कुठला हा टायरवाला आणि कुठला तो समुद्रापलीकडचा क्लब. मीही तेच म्हणतो. कालपर्यंत याला आमच्या आगाराबाहेर कुत्रं ओळखत नव्हतं. आगारातलं कुत्रंसुद्धा वासावरून ओळखायचं, ग्रीसच्या.

बघितलाय ना तुम्ही तो व्हिडिओ? कुणी नाही बघितला? खाली दूधवाला बघतो, डॉक्टर बघतो, परवा एका प्रेताबरोबर स्मशानात गेलो तर तिथं एकजण बघत होता. तो कुणी काढला माहीत आहे का? समोरच्या इमारतीतली शिलाईवाली. तिचा नवरा पलीकडच्या टीमचा, पुढे खेळतो. नवऱ्याचा गोल टिपायला गॅलरीत फोन घेऊन उभी होती बिचारी. नवऱ्यानं मारला दणकून, आणि आमचा हा—चेंडूकडे ढुंकून बघत नाही! मान मागे वळवलेली, भलतीकडेच बघतोय, आणि डावा हात असा बाहेर, नि चेंडू बरोबर तळव्यात. चिकटला. बाईचा नवरा डोकं धरून खाली बसला. ते बाईनं फोनवर टाकलं, नवऱ्याची जिरली म्हणून. घरातलं भांडण, ते दुनियेला दाखवलं. आणि दुनिया म्हणते, काय रुबाब! काय बेफिकिरी! चेंडूकडे बघतसुद्धा नाही! आता तुमच्या क्लबानं तसे शर्ट छापलेत म्हणे, मान वळवलेल्या माणसाचे. अजून हा गेलाही नाही तिथं आणि लोक त्याची मान घालून हिंडतात.

काय म्हणालात? आवाज? हां—बघा, तुम्ही विचारलंत. दुसऱ्या कुणी विचारलं नाही. त्या व्हिडिओला गाणं लावलंय. शिलाईवालीनं लावलं. कारण मूळच्यात ती स्वतः नवऱ्याच्या नावानं ओरडत होती आणि चेंडू यायच्या आधी दुसरा आवाज माझा होता, तो घरात लावण्यासारखा नव्हता म्हणे. मी कुठे आहे त्यात? जाळीमागे बघा, उजव्या कोपऱ्यात काळं काहीतरी हलतं. ती माझी छत्री. लोकांना वाटतं कावळा आहे. मी प्रत्येक मॅचला जाळीमागे उभा असतो हो, हा पोरगा शाळेच्या टीममध्ये होता तेव्हापासून. ऊन असो, चिखल असो. लोक म्हणतात म्हाताऱ्याला वेड आहे, पोराला गोलात उभं करतो आणि मागून शिव्या घालतो. शिव्या नाहीत त्या! म्हणजे काही आहेत. पण मधे मधे काम असतं. येऊ दे, येऊ दे, डावी, डावी खाली—बस्स! बस्स म्हणजे सोडून दे, बाहेर जातोय. तेच, आगारातलंच. दुसरं मला येतं काय?

आता तुम्ही विचाराल, गोलकीपरला डोळे नाहीत का, बापानं कशाला सांगायला पाहिजे. विचारत नाही? विचारा की! लोक काय, लोक हसतात. या सगळ्या व्हिडिओवाल्यांना वाटतं याचं एकट्याचं कसब आहे. मी म्हणजे कावळा. अहो, उजव्या डोळ्यानं त्याला मैदानापलीकडची माशी दिसते, पण डाव्यानं—डाव्यानं त्याला उजेड दिसतो. उजेड आहे का अंधार आहे, एवढंच. जन्मापासून. आधी त्याच्या आईच्या लक्षात आलं, जेवताना डावीकडचं पाण्याचं भांडं रोज सांडायचा. ती गेली, नाहीतर आज ती बसली असती तुमच्यासमोर, आणि मी आत असतो. तिनं नसतं सांगितलं तुम्हाला.

मी का सांगितलं?

चहा घ्या, निवतोय.

हे बघा, तो गोलात उभा राहू नये असंच मीही म्हणत होतो. ऐकतो कुठे? दुसरं काही खेळ म्हटलं, कॅरम खेळ, बुद्धिबळ खेळ, त्यात कुणी डावीकडून धावत येत नाही. नाही. गोलातच. मग मी म्हटलं ठीक आहे, बस मागे घेतोच आहोत, ही एक आणखी. आगाराच्या टीमला कळलं नाही कधी. तिथं डॉक्टर तपासतो म्हणजे काय, जीभ बाहेर काढ म्हणतो. कळलं असतं तरी ठेवलाच असता, दुसरा गोलकीपर कंडक्टर आहे, तो चेंडू दिसला की आधी घड्याळ बघतो.

आणि ते मान वळवणं—आता एवढं सांगितलंय तर तेही ऐका. त्या दिवशी मला खोकला लागला. असा लागला की श्वास घेता येईना, जाळी धरून वाकलो. माझा शब्द निघेना. शिलाईवालीचा नवरा डावीकडून येतोय, हा शब्दाची वाट बघतोय, शब्द येत नाही. तर याला वाटलं म्हातारा पडला. मेला की काय. म्हणून वळून बघितलं त्यानं. चेंडूकडे नाही, माझ्याकडे. मी नुसता डावा हात पुढे केला, तोंडानं जमेना म्हणून. त्यानंही केला. चेंडू येऊन बसला तिथं. हा असा रुबाब आहे तुमचा. तुमच्या क्लबानं जे विकत घेतलंय ना, ते हे आहे. पोरगं घाबरून बापाकडे बघतंय. ते शर्टावर छापलंय.

तिथं गोलमागे कोण असतं? —फोटो काढणारे. आणि? आणि कुणाला उभं राहू देत नाहीत? बापालासुद्धा नाही? नाही, मला यायचं नाही, मी आपलं सहज विचारलं. थंडी फार असते म्हणे. मला कुणी विचारलंही नाही, आणि विचारलं असतं तरी इथली कुंडी कोण बघणार? एक गवती चहाची कुंडी आहे, तिला रोज पाणी लागतं. आणि माणसं किती असतात बघायला, स्टेडियम भरून? सगळी ओरडतात? एकदम? मग बोलणंच खुंटलं. माझ्या आवाजावर एस्टीची इंजिनं बंद पडलीत, पण तेवढ्यांपुढे काय टिकणार.

तुम्ही कुठे बसता? दुभाष्याची जागा कुठे असते? बाजूला, बाकावर, बरं—बाकावरून गोलापर्यंत आवाज जातो का? म्हणून बघा. डावी. अहो, लाजता कशाला, घरात कोण आहे? डावी! छातीतून काढा. तुमचा आवाज म्हणजे बँकेतल्या बाईसारखा, टोकन घ्या, बसा. नाही जमायचं. राहू द्या.

बरं, दुसरं सांगा. उद्या तिथं त्यांचा डॉक्टर तपासणार, मग सही, असंच ना? आणि डॉक्टर विचारेल, डोळे ठीक आहेत ना. ते तुम्ही याला सांगाल. हा म्हणेल, ठीक आहेत. आणि मग तुम्ही वळून डॉक्टरला सांगाल—बघा, म्हणजे खोटं निघणार ते तुमच्या तोंडून. आमचा आपल्या भाषेत काय बोलला ते डॉक्टरला कळतंय कुठे? मी सांगितलं नसतं तर तुम्ही बिनघोर खोटं बोलला असता. आता तुमचीही झोप गेली. एकट्याची कशाला जावी?

अहो नाही, ऐकलंच नाही असं कसं समजू! भलतंच! तुम्ही ऐकलंत. मी इतका वेळ काय भिंतीशी बोलतोय? मला ते चालणार नाही. शिलाईवालीचा नवरा मारतो, तो आठवडाभर पॅकिंगच्या खोक्यांवर चिकटपट्ट्या मारणारा माणूस आहे, त्याचा चेंडू लागला तर गाल सुजतो, संपलं. तुमच्या तिथले दिवसरात्र दुसरं काही करत नाहीत. मी बघितलंय टीव्हीवर. चेंडू दिसतसुद्धा नाही, जाळी हलली की कळतं गोल झाला. तो डावीकडून येणार, याला दिसणार नाही, मागे कुणी सांगणारा नाही. आणि हा काय करणार? शब्द आला नाही म्हणून डाव्या खांद्यावरून मान वळवणार. मागे बघणार. म्हणजे तो चांगला डोळा—चेंडूसमोर कोण असेल? सांगा ना. चांगला डोळा. एकच आहे त्याच्याकडे. मी त्याला मागे बघायला लावलं आणि मी तिथं नाही.

नाही, डोळ्यात काही नाही, वारा लागतो त्या खिडकीचा. म्हटलं नव्हतं का?

मीच सांगायचं होतं त्याला, जाऊ नकोस. रोज ठरवतो. सकाळी हा आरशासमोर उभा राहून तिकडच्या भाषेत नमस्कार घोकत असतो, सारखा तोच एक शब्द, आणि आरशाकडे बघून हसतो. आगारात पोरांनी खांद्यावर घेतला त्याला. टायर उचलून उचलून ज्यांचे खांदे गेले त्यांनी. कुणाच्या तोंडून निघणार, जाऊ नकोस? माझ्या नाही निघालं. सगळं जग मला फटकळ म्हणतं, आणि घरात दोन खोल्यांत एक वाक्य बोलता येईना. आणि तुम्ही आलात तर अर्ध्या कपात सगळं ओकलो. परक्या माणसाशी सोपं जातं, नाही का? तुमचा धंदाच तो आहे, दुसऱ्याचं पोचवायचं. मग पोचवा की. त्यालाच पोचवा. पण आत्ता नाही—विमान वर गेल्यावर. खाली असताना सांगितलंत तर उतरून परत येईल आणि दारात उभा राहून भांडेल, शेजारचे बाहेर येतील. वर गेल्यावर माणसाला कुठे जाता येत नाही. तेव्हा सांगा, तुझ्या बापानं मला डोळ्याचं सांगितलंय. डॉक्टरला काय सांगायचं ते मग तुम्ही दोघं ठरवा. तो म्हणाला सांगू नका, तर—तर त्याला विचारा, मागे कोण उभं राहणार. एवढंच विचारा. उत्तर दे म्हणा बापाला, फोनवर दे, त्या फोनवर सगळी दुनिया बघतो ना.

हूं करू नका, हो म्हणा. —हो. झालं.

नळ बंद झाला. आला. तुम्ही काही बोलू नका, बोलणारा मी आहे.

आलास? किती वेळ रे? काही नाही, काय सांगणार, आगारातल्या गोष्टी सांगत होतो, पाहुणे कंटाळले. डोकं पूस नीट, मागे ओलं आहे. तो शर्ट नको, दुसरा घाल. बरं, तोच घाल. पासपोर्ट? किल्ली माझ्याकडे दे, तिथं कशाला हवीय इथली किल्ली? बरं, राहू दे तुझ्याकडे. पाया वगैरे काही नको, वाकलास की पाठ धरते तुझी, सरळ उभा राहा. हां. बरा दिसतोस. टॅक्सीवाला हॉर्न मारतोय, ऐकू येतं मला, खोकला झालाय, बहिरा नाही झालो. मी खाली येत नाही. गुडघे. जिन्यावर दिवा नाही, सांभाळून—

अहो, ओ दुभाषी! तुम्ही त्याच्या उजवीकडनं कशाला चाललात? या बाजूला. डावीकडे व्हा. आणखी जवळ. बॅग राहू दे, ती तो उचलेल, तुमचा हात मोकळा ठेवा. हां.

निघा आता. बघू नको मागे.