मिटल्या डोळ्यांतला कोबी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक शेतकरी बसला होता. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्याने पापण्या मिटल्या होत्या. पलीकडे त्याची बायको होती.

“डोळे मिटले तरी कोबीच दिसतोय. गर्द, पाण्याखाली असल्यासारखा.”

“अळ्या नाही ना दिसत?”

“दिसतात की. फवारा पडतोय आणि त्या आंघोळीला बसल्यासारख्या निवांत. तीनदा औषध वाढवलं मी. तिसऱ्यांदा वारा फिरला नि डोळ्यांत उडालं.”

“काल शेतीचे साहेब काय म्हणाले?”

“युरिया जास्त झालाय म्हणे. तसलं लुसलुशीत पान खाऊन अळी धष्टपुष्ट होते आणि नेहमीचं औषधही पचवते. मी म्हटलं, साहेब, मोजूनच टाकलाय.”

“अहो.”

“हं?”

“डोळे मिटूनच ऐका. तुम्ही टाकून गेलात ना, की मागून मीही टाकायचे. पानं फिकी वाटायची हो मला.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“तरीच एवढा हिरवा होता.”

“होता ना?”

“स्वप्नात असतो तसा. आता उघडू का डोळे?”

“एवढ्यात नको. आधी मला माझे पुसू द्या.”