जिवंत माणसाचा मृत्युलेख

...नाही, पण मला एक सांगा, माणूस धडधाकट जिवंत असताना त्याचा मृत्युलेख वाढदिवसाचा लेख म्हणून छापायचा, वर ठळक अक्षरांत माझं नाव घालायचं, आणि सकाळी फोन करून मलाच म्हणायचं, "सर, काय सुंदर लिहिलंयत हो!"... याला काय म्हणायचं? अडतीस वर्षं बातमीदारी केली मी. एका मंत्र्याने मला पेपरवेट फेकून मारला होता, तो आजही माझ्या टेबलावर आहे, कागद छान दाबतो. पण असं भर चौकात उघडं मला कोणी पाडलं नव्हतं!

थांबा, मुळापासून सांगतो. तो गायक. नाव नको, नाव काढलं की हल्ली आमची ही रेडिओ लावते. आम्ही त्याला भोंगा म्हणायचो. कौतुकाने हं! कॉलेजात होतो तेव्हा आमच्या सभागृहात त्याचा कार्यक्रम झाला. हार्ड रॉक! चामड्याचं जाकीट, छातीपर्यंत केस, आणि पहिलीच आरोळी अशी मारली की छताची एक ट्यूबलाइट निखळून प्राचार्यांच्या शेजारच्या खुर्चीत पडली. मी कर्ण्याला चिकटून उभा होतो. माझा डावा कान तेव्हापासून जवळजवळ गेलाच. पण तक्रार? अजिबात नाही! एका कानाच्या मोबदल्यात मला खरं संगीत कळलं, असं मी मानत आलो.

आणि दहा वर्षांनी या गृहस्थाने काय केलं? केस कापले. स्वेटर घातला. बाकावर बसून, डोळे मिटून, 'तू गेलीस तरी दिवा ठेवतो' छापाची गाणी म्हणायला लागला! ड्रमवाल्याच्या हातात काठ्यांऐवजी ब्रश आले, ब्रश! भिंत रंगवताय का? मी तेव्हा अर्धं पान लिहिलं, 'भोंग्याची झाली अंगाई'. फार गाजलं. त्या दिवसापासून या माणसाबद्दल मी चांगला शब्द काढलेला नाही. माझी भूमिका बदललेली नाही, लिहून घ्या.

आता आमच्या धंद्यात एक पद्धत आहे, बाहेरच्यांना ती जरा भयंकर वाटते. मोठी माणसं जिवंत असतानाच त्यांचे मृत्युलेख लिहून तयार ठेवतात. ऐन वेळी धावपळ नको. आमच्या ऑफिसात त्या फोल्डरला शीतगृह म्हणतात. सहा वर्षांपूर्वी संपादक म्हणाले, "भोंग्याचा तुम्हीच लिहा, तुम्ही त्याचे वैरी, तुमच्याइतका अभ्यास कोणाचा?" लिहिला. आणि खरं लिहिलं. म्हणजे कसं, गेलेल्या माणसाबद्दल खोटं लिहायचं नाही हा माझा नियम. शिवाय तो रोज पाच किलोमीटर पळतो, मी चार गोळ्यांवर चालतो. अंदाज असा होता की लेख छापून येईल तेव्हा मी जाब द्यायला नसेनच!

आणि झालं काय? गेल्या आठवड्यात भोंगा सत्तर वर्षांचा झाला. पुरवणी बघणाऱ्या बाईंना लेख हवा होता. शीतगृह उघडलं, पहिला परिच्छेद कापला, शेवटचा कापला, मधलं धड रविवारी छापलं. "सर, मरणाचा उल्लेख सगळा काढलाय मी!" सगळा? मधल्या परिच्छेदात 'त्यांच्या पश्चात तीन गिटार आहेत' हे तसंच!

पण गिटारचं सोडा. त्याच्या खालची ओळ... ती मी आयुष्यात कोणाला सांगितली नव्हती. ती अशी, की माझी बायको स्वयंपाकघरात त्याची हळवी गाणी अगदी बारीक आवाजात लावते, मला कळू नये म्हणून. आणि मी दाराबाहेर, उजवा कान दाराला लावून उभा राहतो. आत जात नाही, कारण गेलो तर ती बंद करेल.

रविवारी सकाळी हिने ती ओळ वाचली. चष्मा काढला. पुसला. परत वाचली.

"अहो, किती वर्षं?"

"सव्वीस."

"मग आत यायला काय झालं होतं? तुम्ही चिडाल म्हणून मी इतकं हळू लावायची की दुसऱ्या कडव्याचे शब्द मला आजवर धड कळलेले नाहीत."

मी शब्द सांगितले. पाठ आहेत, त्याला मी काय करू? बातमीदाराची स्मरणशक्ती असते. सव्वीस वर्षं एकाच दाराच्या दोन बाजूंना आम्ही दोघं... जाऊ द्या. माझी भूमिका बदललेली नाही, लिहून घ्या.

दुपारी फोन. "नमस्कार, मी दिवंगत बोलतोय."

मी म्हणालो, "लेख जरा लवकर आला."

"असू द्या हो. मेल्यावर वाचायला मिळाला नसता. शनिवारी कार्यक्रमाला या, वहिनींना आणा. खास तुमच्यासाठी जुनं घेतो, कॉलेजातलं!"

गेलो. पहिली रांग, मधोमध. आणि खरंच हो, त्याने ते जाकीट घातलं. बटणं लागत नव्हती, पण घातलं! ड्रमवाल्याने काठ्या काढल्या, आणि भोंग्याने आरोळी मारली... म्हणजे सुरुवात आरोळीची होती, शेवट खोकल्याचा. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, तत्त्वाचा प्रश्न होता. हिने दोन्ही कानांत बोटं घातली. दुसऱ्या मिनिटाला तो कमरेवर हात ठेवून गात होता, तिसऱ्याला माझ्या उजव्या कानात शिट्टी वाजायला लागली. अहो, एकच उरलाय, हाही गेला तर दाराला काय लावू?

गाणं संपलं. तो धापा टाकत माइकवर म्हणाला, "आपले वैरी समोर बसलेत. साहेब, तीस वर्षं मागणी करताय... अजून एक जुनं घेऊ?"

अख्खं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. आयुष्यभर याच प्रश्नाची वाट पाहिली होती मी! उभा राहिलो. घसा साफ केला. म्हणालो, "नको... ते हळू घ्या. आमच्या हिला दुसरं कडवं ऐकायचंय."

ही लगेच मोठ्याने, "माझं नाव कशाला? मला शब्द कळले रविवारी!"

लोक हसले. भोंगाही हसला. जाकीट काढलं, बाकावर बसला, डोळे मिटले. ब्रश आले.

माझी भूमिका बदललेली नाही, लिहून घ्या. फक्त खुर्ची जरा फिरवली, आणि उजवा कान पुढे केला.